खिडकीतले दोन भाऊ

लीलाच्या वर्षश्राद्धाला आठवडा राहिला असताना मला कळलं की तिचे सगळे फोटो गेले.

ते असं झालं. तिचा मोबाइल मी रोज चार्ज करून ठेवत होतो. त्यावर फोन कुणाचा येत नव्हता, पण घरात तो बंद पडलेला नको वाटायचा. रोज त्यावर एक सूचना यायची की जागा शिल्लक नाही. मी जन्मभर मोजणी खात्यात कारकून होतो. समोर आलेल्या सूचनेवर काहीतरी कार्यवाही केल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून मी फोन घेऊन कळंबच्या मेन रोडला रामलिंगच्या मोबाइलच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "यात जागा करून दे."

संध्याकाळी त्यानं फोन हातात दिला. "बघा काका, एकदम नव्यासारखा केला."

तो खरं बोलत होता. दुकानातून आणलेल्या पहिल्या दिवशी जसा होता, तसाच फोन होता. आत काहीच नव्हतं.

"फोटो कुठं आहेत?" मी विचारलं.

"फोटो पायजे होते व्हय?" रामलिंग म्हणाला. "तुम्ही जागा म्हणालात."

यावर भांडता येत नाही. मी जागा मागितली होती, त्यानं जागा दिली होती. असे कितीतरी अर्ज मी स्वतः नियमाप्रमाणे निकाली काढलेत.

आता तुम्ही म्हणाल, एका फोनवर सगळं असतं का? असतं. दुसऱ्यांच्या फोनमधे लीला कुठं आहे ते मी सांगतो. निवेदिताच्या, म्हणजे आमच्या पुण्याच्या मुलीच्या फोनमधे ती जेवायला वाढताना पाठमोरी आहे. लीलाच्या भावाच्या फोनमधे एका बारशात तिचा कोपर आहे. लग्नाच्या फोटोत ती आहे, पण मान खाली घालून, आणि शिवाय शेजारी मी आहे. तो भिंतीवर लावून हार घालायचा म्हणजे हार मलाही बसणार, आणि मला तो इतक्यात नको होता.

लीला गेली तेव्हा गडबडीत हाती लागला तो मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलेला होता, आणि आता तोच राहणार होता. त्या फोटोत ती कुणालाच मत देणार नाही अशी दिसते. श्राद्धाला तिचा भाऊ गुरुप्रसाद तुळजापूरहून आला. फोटोसमोर हात जोडून तो बराच वेळ उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "दाजी, ताई कुणावर चिडलीय?"

मला ते लागलं. वर्षभर त्या फोटोखाली बसून मी चहा पीत होतो आणि मलाही रोज तेच वाटत होतं.

फोटो गेल्याचं मी निवेदिताला फोनवर सांगितलं. मग ती म्हणाली, "बाबा, आईच्या कॅमेऱ्यात रीळ आहे."

हा कॅमेरा म्हणजे गुरुप्रसादनं कधीकाळी हौसेनं घेतलेला आणि मग कंटाळून बहिणीला दिलेला जुना, रिळाचा कॅमेरा. सेल नाही, दिवा नाही, सगळं हातानं. आमच्या घरात तो फक्त लीला हाताळायची. मधे बरीच वर्षं तो कपाटात पडून होता. मग पुण्यात म्हणे रिळाच्या कॅमेऱ्यांची पुन्हा फॅशन आली आणि निवेदितानं आईला एक रीळ पाठवलं. त्याची किंमत ऐकल्यावर लीलानं ते इतकं जपून वापरलं की दोन दिवाळ्या गेल्या तरी ते संपलं नाही. एकेका फोटोआधी ती गल्लीत उभी राहून इतका विचार करायची की समोरचा माणूस निघून जायचा.

आणि त्या रिळात एक फोटो मी काढलेला होता. तिचा.

शेवटच्या दिवाळीचा पाडवा. तिनं मला ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि म्हणाली, "आता एक माझा काढा." मी म्हणालो, मला हे जमत नाही. तिनं मला अंगणातल्या जास्वंदीपाशी उभं केलं, कॅमेऱ्याच्या खिडकीतून माझ्याकडं बघत पुढची फोकसची रिंग फिरवली, आणि मग कॅमेरा माझ्या हातात देऊन मी उभा होतो तिथं स्वतः जाऊन उभी राहिली. मला तिच्या जागी उभं केलं. "आहे तिथंच उभं राहा. रिंगला हात लावायचा न्हाई. फक्त बटण दाबा." मी दाबलं. तिच्या हातात तेव्हा काहीतरी काळं, गोल होतं, तबकातल्या कुंकवाच्या डबीचं झाकण असावं. तेवढंच मला आठवत होतं. रिंगला माझा हात लागला की नाही, ते आठवत नव्हतं. मला उगाच हात लावायची सवय आहे.

तर प्रश्न एवढाच होता. त्या एका फोटोत लीला नीट आली होती का?

निवेदिता म्हणाली, "बाबा, रीळ आत गुंडाळा आणि तसंच पाठवून द्या."

मी कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला. रिळात अजून बरेच फोटो शिल्लक होते. मी म्हणालो, "अर्धवट रीळ कसं द्यायचं?"

"द्यायचं. काही होत नाही."

पण आमच्या घरात उदबत्तीचा जुना पुडा संपल्याशिवाय नवा फोडत नाहीत. लीलानं जे इतकं जपून वापरलं ते मी वाया घालवायचं, हे मनाला पटेना. आणि खरं सांगायचं तर रीळ कॅमेऱ्यात आहे तोपर्यंत तो फोटो बिघडलेला नव्हता. मी म्हणालो, "उरलेले मी काढतो. मग पाठवू."

"तुम्हाला फोकस येतो का?"

"शिकेन."

निवेदितानं व्हिडिओ कॉलवर शिकवलं. वरच्या बाजूला एक छोटी खिडकी आहे, तिला डोळा लावायचा. मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो. त्या चौकोनात समोरची वस्तू दोन-दोन दिसते. रिंग फिरवत गेलं की ती दोन चित्रं सरकत सरकत एकमेकांवर येतात. एक झाली की फोकस झाला. ऊन असेल तर आकडे अमुक ठेवायचे. "आणि बाबा, यात आपण भिंगातून बघत नाही, वरच्या खिडकीतून बघतो, हे लक्षात ठेवा." मी "हो" म्हणालो. मोजणी खात्यात असताना साहेबांच्या अर्ध्या सूचनांना मी असाच हो म्हणत होतो.

पहिल्या दिवशी मी ओट्यावर बसून समोरच्या भाऊंवर खिडकी रोखली. भाऊ म्हणजे आमचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते दाढी करत होते. मला पिवळ्या चौकोनात दोन भाऊ दिसले, आणि चौकोनाबाहेरही एक पुसटसा भाऊ दिसला. मी रिंग एका बाजूला फिरवली. तीनही भाऊ जागचे हलले नाहीत. दुसऱ्या बाजूला फिरवली. तेच.

"काय बघायलाव मोजणीसाहेब?" भाऊंनी साबण लावलेल्या तोंडानं विचारलं.

"तुम्ही तीन दिसताय."

"घरात एकच झेपंना म्हणत्यात," भाऊ म्हणाले, "आन् तुमी तीन करून ठिवले."

दाढी अर्धी टाकून ते आले. कॅमेरा त्यांनी हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. खिडकीतून बघायचा प्रयत्न केला, पण त्यांना एक डोळा मिटता येईना. एक मिटला की दुसरा आपोआप मिटायचा. "म्या जिंदगीभर दोन्ही डोळं उघडं ठिवून गाडी चालवली," ते म्हणाले. "एक मिटला असता तर तुमी आज हितं नसता, येडशीच्या घाटात असता."

तेवढ्यात वैजनाथ सर आले. सर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि निवृत्तीनंतर गल्लीला शिकवतात. त्यांनी काडीनं मातीत दोन आरसे काढले, एक त्रिकोण काढला, बाण काढले, आणि प्रकाश कसा वाकतो ते सांगितलं. आकृती फार छान होती. पण भाऊ तीनच राहिले. सरांनी निष्कर्ष काढला, "सिद्धेश्वरराव, आतला आरसा हललेला आहे. यंत्राचा दोष आहे."

समोरच्या धुरपताबाईही आल्या. त्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या आणि तालुक्यातल्या कुठल्याही खोलीत शिरल्यावर तिथलं काय चुकलंय ते त्यांना पहिल्या पावलात दिसतं. लीलाची आणि त्यांची रोजची बैठक असायची. त्या म्हणाल्या, "भावजी, लीलाला एकच दिसायचं. आता तुम्हाला तीन दिसतंय, तर कॅमेरा कशाला दुरुस्त करताय?"

मला त्यांचं बोलणं आवडलं नाही. मी कॅमेरा पिशवीत घालून एसटीनं लातूरला गेलो. एका जुन्या दुकानात कॅमेरे दुरुस्त होतात असं कळलं होतं. दुकान सापडलं, पण तिथं आता चार्जर विकत होते. दुकानदारानं तरी खिडकीला डोळा लावला, रिंग फिरवली आणि म्हणाला, "एकदम बरोबर दिसतंय की." मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि चष्मा काढायला लावला. मी चष्मा काढला. त्यानं माझ्या डोळ्यात मोबाइलची बॅटरी मारली. चार्जर विकणाऱ्या माणसानं भर दुकानात माझी तपासणी करावी, हे मला फार लागलं. "काका," तो म्हणाला, "माझ्या वडिलांना असाच झाला होता. मोतीबिंदू."

घरी परत आल्यावर धुरपताबाई ओट्यावरच होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ही आता काही मोठी गोष्ट राहिलेली नाही असं सगळे सांगतात. ज्याच्या डोळ्याचं असतं तो सोडून सगळे. गल्लीतल्या प्रत्येकाकडं एक तरी हकिगत होती. भाऊंनी ईट गावच्या एका पाहुण्याची सांगितली. ऑपरेशननंतर त्याला सगळं इतकं स्वच्छ दिसायला लागलं की त्यानं जावयाशी बोलणं सोडलं.

एका दवाखान्यात सरकारी योजनेतून ऑपरेशन होत होतं. मी कागद घेऊन गेलो. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून लीलाचं नाव आहे. टेबलामागचा माणूस म्हणाला, "कुटुंबप्रमुखांची सही लागेल."

"त्या वारल्या."

"मग आधी नाव कमी करून आणा. मृत्यूचा दाखला जोडा, अर्ज द्या, नवीन कार्ड आलं की या."

तो काही चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, आणि वर मान न करता. मी कागद परत पिशवीत घातले. बाहेर येऊन नळावर पाणी प्यालो. एका फोटोसाठी डोळा, आणि डोळ्यासाठी तिचं नाव खोडायचं, हा व्यवहार मला जमणार नव्हता. मी सरळ बार्शीला गेलो आणि पेन्शनीतून ऑपरेशन करून आलो.

पुढं काही दिवस मी काळा चष्मा लावून ओट्यावर बसलो. वाकायचं नाही, डोकं धुवायचं नाही, शिंकायचं नाही. फोडणीची मिरची मला चालत नाही म्हणून धुरपताबाई रोज बिनमिरचीचं वरण पाठवायच्या आणि पाठोपाठ ते संपलं का बघायला यायच्या. जाणारायेणारा थांबून विचारायचा. भाऊ परस्पर सांगायचे, "फोटो काढायसाठी डोळा बदलून आणलाय."

पट्टी, थेंब, सगळं आटोपल्यावर एका सकाळी मी कॅमेरा काढला. भाऊ दाढीच करत होते. मी डोळा खिडकीला लावला. पिवळा चौकोन असा लख्ख दिसला की मी दचकलो. त्यात दोन भाऊ होते. मी रिंग हळूहळू फिरवली. डावीकडचा भाऊ निघाला, सरकत सरकत उजवीकडच्या भाऊपाशी गेला, आणि त्याच्यात मिसळला. एकच भाऊ राहिला. गालावरचा साबणाचा फेससुद्धा दिसत होता.

किती बरं वाटलं ते मला सांगता येणार नाही. लीला इतकी वर्षं हे बघत होती. मी विचार करायचो, एवढा वेळ ही त्या खिडकीत काय बघते. ही दोन चित्रं एक होताना बघत होती. मी पुन्हा रिंग फिरवली, भाऊंना वेगळं केलं, पुन्हा एक केलं. सकाळभर मी तेवढंच केलं.

"झालं का न्हाय?" भाऊंनी विचारलं. त्यांचा फेस वाळला होता.

बातमी गल्लीत गेली. रीळ आहे, फोटो मोजके आहेत, आणि मोजणीसाहेबांचा डोळा नवा आहे. भाऊ पहिले आले. पांढरा फेटा, धुतलेला सदरा. "माझा भिंतीवरचा काढा," ते म्हणाले.

"भिंतीवरचा म्हणजे?"

"म्हंजे मागनं लावायचा. वैनीचा मतदार कार्डावरचा लावला तसा माझा आधारवरचा फोटू लावून म्या हार घालून घेणार न्हाय. त्या फोटूत म्या फरार दिसतो."

असा फोटो काढायचा म्हणजे जबाबदारी आली. मी त्यांना जास्वंदीपाशी उभं केलं, जिथं लीला उभी होती तिथंच. चेहरा जरा शांत ठेवा म्हणालो. त्यांनी तो इतका शांत केला की त्यांच्या मालकीणबाई, म्हणजे बायको, समोरच्या घरातून धावत आल्या. मी चौकोनात त्यांचं नाक धरलं, दोन नाकांचं एक केलं, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

मग वैजनाथ सर पुस्तक उघडं धरून उभे राहिले. पुस्तक सरळ आहे ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग धुरपताबाई बसल्या. आपल्याला हौस नाही, रीळ संपवायला मदत म्हणून बसतेय, असं त्या म्हणाल्या, पण साडी नवी होती. मी फोकस करत होतो तेव्हा त्या कॅमेऱ्याकडं डोळे बारीक करून बघत होत्या.

"भावजी, ह्याचा डोळा मिटलेला दिसतोय."

"आत पडदा असतो," सर माझ्याआधी म्हणाले. "बटण दाबल्यावर क्षणार्धात उघडतो आणि मिटतो. आपल्याला तो उघडा दिसूच शकत नाही."

"असं व्हय," धुरपताबाई म्हणाल्या. पण पटल्यासारखं नाही.

पुढच्या बाजूला काळी गोल चकती होती, त्यावर सोनेरी अक्षरं होती. मला ती फार उठावदार वाटत होती. लोक फोटो काढताना त्या अक्षरांकडं बघायचे. मीच सांगायचो, "अक्षरांकडं बघा."

शेवटचा फोटो मी आमच्या दाराचा काढला. मग रीळ पुढं सरकवायची तरफ अडली. रीळ संपलं.

आता ते आत गुंडाळायचं. निवेदिता म्हणाली होती, वरची कळ फिरवत राहा, सगळं आतल्या आत होतं. पण वैजनाथ सरांचं म्हणणं पडलं की उजेडाची जोखीम घेऊ नये, अंगावर गोधडी घेऊन करावं. वैशाखाची दुपार होती. त्या एका फोटोसाठी मी काहीही करायला तयार होतो. मी बाजेवर बसलो, डोक्यावरून जाड गोधडी घेतली, भाऊंनी कडा खोचल्या, आणि मी आत कळ फिरवायला लागलो. धुरपताबाई वाटी न्यायला आल्या तर त्यांना बाजेवर घामानं भिजलेलं, हलणारं गाठोडं दिसलं आणि शेजारी दोन माणसं गंभीर चेहऱ्यानं उभी. त्यांना वाटलं मला थंडी वाजून ताप आलाय. त्यांनी गोधडी ओढली. मी ओरडलो. भाऊंनी गोधडी परत टाकली. त्यांनी परत ओढली. "माणूस मरायलाय आन् तुम्ही बघत काय बसलाव?" त्या सरांवर बरसल्या. या ओढाताणीत कॅमेऱ्याला उजेड लागला तो लागलाच.

मी त्या रात्री जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी रीळ डबीत घालून कुरिअरच्या दुकानात गेलो. काउंटरवर समृद्धी नावाची मुलगी होती. नाव तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावर होतं.

"काका, आत काय आहे ते उघडून दाखवा."

"फोटोचं रीळ आहे. दाखवता येत नाही."

"का?"

"दाखवलं तर जाईल."

"कुठं जाईल?"

मी तिला समजावून सांगितलं की ही वस्तू बघितली की नष्ट होते. मग तिनं आतल्या साहेबाला बोलावलं. साहेबानं डबी कानाशी हलवून बघितली. "नियम आहे काका. बघितल्याशिवाय आम्ही काहीच घेत नाही."

"आणि बघितल्यावर?"

"मग घेतो."

"तेव्हा आत काही नसेल."

"मग तर हलकं जाईल," साहेब म्हणाला.

मी डबी त्याच्या हातातून काढून घेतली. मला त्या मुलीचा राग आला नाही. नियमानं वागणारं माणूस मला अजूनही आवडतं. मी घरी आलो, दोन कपडे घेतले आणि सकाळच्या बसनं स्वतःच पुण्याला निघालो. डबी शर्टाच्या खिशात, वरून हात. शेजारी बसलेल्या बाईंनी येरमाळ्याला विचारलं, "छातीत दुखतंय का?" मी नाही म्हणालो. कुर्डुवाडीला पुन्हा विचारलं. टेंभुर्णीला त्यांनी मला सोडा पाजला.

निवेदिता मला घेऊन रिळं धुणाऱ्याकडं गेली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. ती म्हणाली, "बाबा, गोधडीची काही गरज नव्हती आणि उजेडानंही काही झालं नसणार. रीळ आत बंद असतं." मी म्हणालो, "तसं सर म्हणत नव्हते." ती हसली नाही. तिनं माझा हात धरून ठेवला. मला वाटतं, दोघांनाही आत जायची घाई नव्हती.

धुतलेलं रीळ घेऊन माणूस बाहेर आला. त्यानं ते उजेडाकडं धरलं. "काका, हे कोरं आहे."

कोरं म्हणजे फोनसारखंच. नव्यासारखं.

"थांबा," तो म्हणाला. रीळ त्याच्या बोटांतून खाली सरकत होतं. "शेवटचेच कोरे आहेत. आधीचे आहेत की. एकदम शार्प आहेत. शेवटच्या वेळी टोपण काढायचं राहिलं का?"

"कसलं टोपण?"

त्यानं मग समजावून सांगितलं. वरच्या खिडकीतून आपण बघतो, फोटो मात्र खालच्या भिंगातून निघतो. भिंगावर टोपण असलं तरी खिडकीत सगळं छान दिसतं. फोकसही होतो. फक्त फोटो येत नाही. म्हणजे माझा नवा डोळा, भाऊंचा फेटा, सरांचं पुस्तक, धुरपताबाईंची साडी, हे सगळं मी सोनेरी अक्षरांच्या काळ्या टोपणाआड काढलं होतं. वर सगळ्यांना त्याच्याचकडं बघायला लावलं होतं.

पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी म्हणालो, "आधीचे दाखवा."

त्यानं ते कॉम्प्युटरवर घेतले. लीलानं दोन वर्षांत काय काढलं होतं? जास्वंद. वाळत घातलेल्या कुरडया. भाऊ स्कूटर पुसताना. धुरपताबाई कुणालातरी रागावताना. आणि मी. पेपर वाचताना, पेपर तोंडावर घेऊन झोपलेला, नळाशी, दारात, पुन्हा झोपलेला. सगळीकडं माझी पाठ किंवा पाय किंवा घोरणं, आणि सगळं इतकं स्वच्छ की पेपरातली तारीख वाचता येत होती.

मग ती आली.

ती जास्वंदीपाशी उभी होती. पाडव्याची हिरवी साडी, कपाळावर कुंकू थोडं फिसकटलेलं. कोपऱ्यात माझं बोट आलं होतं, फोटो जरा कलला होता. पण ती होती. डोळ्यांखालच्या बारीक रेषा दिसत होत्या, कानातल्या फुलाचा निघालेला खडा दिसत होता. ती काहीतरी बोलत होती आणि बोलता बोलता हसत होती. माझा हात रिंगला लागला नव्हता.

"बाबा," निवेदिता म्हणाली, "आईच्या हातात बघा."

तिनं उजवा हात जरा वर धरला होता. बोटांत ते काळं गोल झाकण. त्यावर सोनेरी अक्षरं होती.

मला इतके दिवस ते कुंकवाच्या डबीचं वाटत होतं. कॅमेरा माझ्या हातात द्यायच्या आधी तिनं ते काढून घेतलं होतं. मला सांगून उपयोग नाही, हे तिला माहीत होतं.

मी बाकावर येऊन बसलो. खूप दिवसांनी मला भूक लागली होती. आम्ही दोघांनी समोरच्या हॉटेलात दोन-दोन इडल्या खाल्ल्या आणि वर आणखी एक प्लेट मागवली.

कळंबला उतरलो तेव्हा भाऊ ओट्यावर वाटच बघत होते. मी आधी लीलाचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. "आता वैनी दिसली बगा," ते म्हणाले, आणि फोटो जपून परत दिला. मग म्हणाले, "आन् माझा?"

"नाही आला."

"पुसट तरी?"

"कोरा आहे."

भाऊंनी विचार केला. "मग चांगलंच हाय की," ते म्हणाले. "म्हंजे अजून वर जायची मंजुरी न्हाय." आणि ते फेटा आत ठेवायला गेले. त्यांचं मन हलकं झाल्यासारखं दिसलं. तो फोटो काढल्यापासून त्यांना रोज छातीत धडधडत होतं असं त्यांच्या मालकीणबाईंनी मला नंतर सांगितलं.

धुरपताबाई म्हणाल्या, "मी म्हणलं होतं, डोळा मिटलाय." हे त्या अजून म्हणतात. वैजनाथ सर मात्र काही दिवस गल्लीतून न जाता मागच्या बोळातून बाजाराला जात होते. मीच एकदा बोलावून चहा पाजला. विज्ञानाचा त्यात दोष नव्हता. पडदा आत असतोच, फक्त त्याच्यापुढं टोपण होतं.

मतदार कार्डावरचा फोटो मी उतरवला. त्या जागी लीला जास्वंदीपाशी उभी आहे. गुरुप्रसाद येऊन बघून गेला आणि "ही आमची ताई," एवढंच म्हणाला. हार मी घालत नाही. हार घातला की नेमका तो टोपणाचा हात झाकतो.

रेशन कार्डावर तिचं नाव आहे तसंच आहे. निवेदितानं पाठवलेलं नवं रीळ मी कॅमेऱ्यात भरलंय आणि टोपण काढून देवघरात ठेवलंय. भाऊंचा फोटो काढायचा अजून राहिलाय.